वेगळा पेला

प्रिय रोहिणी आणि जोएल,

गेल्या रविवारी फोनवर रोहिणी म्हणाली, "आजी, आमच्या चर्चमध्ये नुसती भांडणं चालली आहेत. काही नवीन सुचवलं की म्हातारी माणसं विरोधाला उभी राहतात. मी आता जायचंच बंद करणार आहे." मी त्यावर "थंडी पडली का गं तिकडे?" असं काहीतरी विचारलं. परदेशच्या फोनवर मला मुद्द्याचं बोलायला जमत नाही. फोन ठेवल्यावर मात्र आमच्या पनवेलच्या चर्चच्या मंडळीतला एक जुना हंगाम दिवसभर डोळ्यांपुढून हलेना. तो तुम्हाला लिहून कळवावा असं ठरवलं. मी आता म्हाताऱ्या माणसांत मोडते, हे लक्षात ठेवून वाचा. आणि शेवट चांगला झाला, हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे मधे काळजी करत बसायला नको.

आठवण यायला दुसरं कारण बाहेर आहे. कापणी सुरू झाली आहे. विचुंब्याच्या बाजूला नव्या इमारतींच्या मधे भाताची चार खाचरं अजून शिल्लक आहेत, आणि काल संध्याकाळी वारा तिकडून आला. कापलेल्या भाताचा वास तुम्हाला माहीत नसेल. ओलसर, गोड, थोडा धुळीचा असा तो असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीतही तो पोचला, आणि मी वाळत घातलेले कपडे तसेच हातात धरून उभी राहिले.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा पनवेलला आगगाडी आलेली नव्हती. खाडीत भरतीच्या वेळी मालाची होडकी, म्हणजे पडाव, लागायची, रस्त्याने बैलगाड्यांची रांग असायची, आणि कापणी संपली की आजूबाजूच्या गावांतून झोडणीचा धपधप आवाज सकाळपासून ऐकू यायचा. मी पुण्यात मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, इंग्रजी चौथीपासून शिकलेली, आणि इथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलेली. मला सगळं वेळेवर आणि जागच्या जागी लागायचं. सासूबाई म्हणायच्या, "सुशीला मिठालासुद्धा रांगेत उभं करील."

आमचं उपासनामंदिर गावाच्या टोकाला, कौलारू, एका मोठ्या चिंचेच्या बाजूला. डावीकडे बायकांच्या चटया, उजवीकडे पुरुषांच्या. मंडळी लहान होती आणि एकमेकांसारखी मुळीच नव्हती. दवाखान्यातले कंपाउंडर, शाळामास्तर, आपट्याकडची शेती करणारी घरं, मिठागरावर काम करणारी दोन कुटुंबं, एक कोळ्यांचं घर. एरवी ही माणसं एका पंगतीला बसली नसती. इथे बसत होती.

भात घरात आलं की हंगामाचा सण असायचा. वेदीच्या मेजासमोर सगळ्यांनी आपापलं पीक आणून ठेवायचं. लोंब्यांच्या पेंढ्या, मांडीएवढ्या काकड्या, म्हणजे तवसं, लाल भोपळे, उसाच्या मोळ्या, टोपलीभर नवं मीठ. कोळ्यांच्या घरून सुके बोंबील यायचे आणि आमच्या धर्मगुरूंच्या, म्हणजे पाळकसाहेबांच्या मांजराचं त्या दिवशी उपासनेत फार लक्ष लागायचं. कुणीतरी पाय बांधून कोंबडी आणायचं. ती उपदेशात बरोबर शांततेच्या जागी ओरडायची. त्याच उपासनेत प्रभुभोजन असायचं, तुमच्याकडे होली कम्युनियन म्हणतात ते, येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. त्यासाठीचा रस आमच्या घरी व्हायचा. आदल्या दिवशी मनुका भिजत घालायच्या, सकाळी मंद आचेवर उकळायच्या, मलमलीतून पिळून घ्यायच्या. सासूबाईंनंतर ते काम माझ्याकडे आलं. स्वयंपाकघरात एका चुलीवर नव्या तांदळाचा भात आणि दुसरीवर मनुका, असा तो वास होता. अजूनही शिऱ्यासाठी मनुका भिजवल्या की मला आधी रविवार आठवतो, मग शिरा.

रस प्यायचा पेला एकच होता. चांदीचा मुलामा दिलेला, उंच दांड्याचा. माणसं रांगेने पुढे येऊन गुडघे टेकायची आणि अब्राहामबाबा पेला प्रत्येकाच्या ओठांशी नेऊन, काठ रुमालाने पुसून पुढे सरकायचे. अब्राहामबाबा म्हणजे मंडळीतले सगळ्यांत वडील पंच. आपट्याच्या पलीकडच्या एका खेड्यातले शेतकरी. काटक, काळे, पांढऱ्या शुभ्र धोतरातले. सगळ्यांचं झालं की उरलेला रस ते स्वतः प्यायचे आणि पेला पालथा घालायचे. पुरुष आधी, बायका नंतर, बाबा शेवटी, असा क्रम होता.

आता ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी रूथवन्सं घरी परतल्या होत्या. तुमच्या आजोबांची ही थोरली बहीण. तुमचे बाबा जिला आत्या म्हणतात आणि जिचा फोटो तुमच्या दिवाणखान्यात आहे, तीच. त्यांना क्षय झाला होता. घाटावरच्या सॅनिटोरियममध्ये दीर्घ काळ राहून, इंजेक्शनं घेऊन त्या बऱ्या झाल्या. आता यांच्यापासून कुणाला काही होणार नाही, असं डॉक्टरांनी लेखी दिलं होतं. पण डॉक्टरांचा कागद गळ्यात अडकवून काही कुणी चर्चला जात नाही.

वन्संचा आवाज मंडळीत सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत स्वच्छ होता. त्या नसताना आमची गीतं आजारी माणसासारखी चालायची. त्या परत आल्यावर सगळ्यांनी दारातच "सलाम, सलाम" केलं, खुशाली विचारली, आणि आत गेल्यावर त्यांच्या चटईवर कुणी बसलं नाही.

प्रभुभोजनाच्या दिवशी वन्सं रांगेत गेल्या. त्यांच्यानंतरच्या बायकांनी पेल्याला ओठ लावल्यासारखं केलं. घोट कुणाच्या घशाखाली गेला नाही. पुढच्या महिन्यात काही बायका पुरुषांच्या मागोमाग घाईने जाऊन आल्या आणि बाकीच्या जागच्या उठल्याच नाहीत. सोनाकाकू म्हणाल्या, "माझे गुडघे धरलेत बाई." सोनाकाकू कंपाउंडरांच्या पत्नी. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांचा धाकटा दीर याच रोगाने त्यांच्या हातांवर गेला होता आणि घरात दूधपिती नात होती. मग वन्सं आपण होऊन सगळ्यांच्या मागे बसायला लागल्या, म्हणजे त्यांच्यानंतर फक्त अब्राहामबाबा उरावेत. बाबा उरलेला रस नेहमीसारखे प्यायचे. लोक मात्र तेही टक लावून बघायला लागले होते, आणि पुढच्या महिन्यात पेला तोच असणार म्हणून बायकांची भीती काही जात नव्हती.

एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. वन्सं सहज बोलावं तसं बोलल्या, "सुशीला, मी खोकले की मंडळी डोळे मिटते. इतकी प्रार्थना पाळकसाहेबांच्या सांगण्यानेसुद्धा होत नाही."

मला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं.

"सॅनिटोरियमच्या मेट्रननं मला तिथे मदतीला ठेवून घेते म्हणून सांगितलंय," त्या म्हणाल्या. "ट्रंक मी उघडलेलीच नाही. हंगामाच्या सणापर्यंत बघते. मंडळीनं मला मेजाशी घेतलं तर राहीन. नाहीतर परत जाते. तिथे सगळेच खोकतात."

"वन्सं, हे तुमचं घर आहे."

"घर आहेच. पण घरात मी तुम्हा लोकांची पाहुणी म्हणून जगू का? मला माझ्या माणसांत बसायचंय."

हे मी तुमच्या आजोबांना सांगितलं. मला एक उपाय माहीत होता. बोर्डिंगात असताना आमच्या मॅडमकडे येणाऱ्या इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं की काही देशांतल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला प्रत्येकाला आपला छोटा पेला देतात. आजोबा पंचांचे चिटणीस होते. पंचांची सभा आमच्याच ओसरीवर भरायची, आणि बायकांना त्या सभेत जागा नसली तरी चहा द्यायला जाता येत असे. त्या दिवशी मी चहा फार सावकाश दिला.

आजोबांनी विषय काढला. अब्राहामबाबांनी ऐकून घेतलं, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "नाय."

"बाबा, आरोग्याच्या दृष्टीने..." आजोबा म्हणाले.

"वसंत मास्तर, तुमी शिकलेले हाव. माझं ऐका. आमच्या गावात चहाचं दुकान व्हतं. आत कपबश्या, आनि भायेर खिळ्याला टांगलेला एक कप. कान तुटलेला. तो आमच्या वस्तीचा. चहा पिऊन आपनच धुवायचा आनि परत टांगायचा. माझा बाप पयल्यांदा या मंदिरात आला तवा त्याच्या आधी त्या पेल्यातून एक बामन प्याला व्हता. बापाच्या नंतर एक कोळी प्याला. बाप घरी आला नि रडला. त्या एका पेल्यापायी आमचं गावातलं पानी तुटलं, सोयरीक तुटली. आनि आता तुमी सांगता, परत सगळ्यांचं वेगळं करा?"

पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी प्रार्थना करून सभा संपवली.

रोहिणी, मला तुला हेच सांगायचं आहे. बाबा हट्टी होते म्हणून नाही म्हणाले असते तर माझं काम सोपं होतं. त्यांचं म्हणणं खरं होतं आणि वन्संचं दुःखही खरं होतं. मासिकात फक्त छोट्या पेल्यांचं छायाचित्र होतं. आपट्याच्या पलीकडच्या गावातला तो खिळा त्यात नव्हता. एखादी चाल जुनी झाली म्हणून ती निर्जीव असते असं नाही. कुणीतरी तिच्यासाठी किंमत मोजलेली असते, आणि ती माणसं कधीकधी आपल्या ओसरीवर चहा पीत असतात. तरीपण ट्रंक बंदच होती आणि सण जवळ येत होता.

सणाच्या दिवशी ऊन कोवळं होतं. मंदिरात पिकांचा ढीग नेहमीपेक्षा मोठा होता. त्या साली पाऊस वेळेवर गेला होता आणि भात भरलं होतं. मी रस नेऊन दिला आणि मेजावरचं पांढरं कापड नीट केलं. तेव्हा कापडाच्या कडेला, पेल्यापासून दूर, बशीत ठेवलेला एक लहान काचेचा ग्लास मला दिसला. तो कशासाठी ते मला लगेच कळलं. पाळकसाहेबांनी दोन्ही बाजूंना राखायचा मार्ग काढला होता. मंडळीसाठी एक पेला तसाच ठेवायचा, आणि वन्संची सोय निराळी करायची. त्यांचा हेतू चांगला होता. मी काही बोलणार तोवर पहिलं गीत सुरू झालं.

रांगा आल्या, गेल्या. त्या दिवशी सोनाकाकूंचे गुडघेसुद्धा बरे होते, कारण ग्लासाची बातमी बायकांना आधीच कळलेली होती. शेवटी वन्सं एकट्या पुढे जाऊन गुडघे टेकून बसल्या. पाळकसाहेबांनी ग्लास असलेली बशी उचलून त्यांच्यापुढे धरली.

वन्संनी बशीकडे पाहिलं. त्यांचे हात जोडलेलेच राहिले.

बाजूला अब्राहामबाबा मोठा पेला घेऊन उभे होते. त्यांनी मोठ्यानेच विचारलं, "हे काय?"

"बाबा, रूथबाईंसाठी सोय केली आहे," पाळकसाहेब हळू म्हणाले.

"सोय," बाबा म्हणाले. "माझ्या बापाची पन सोयच केली व्हती."

मग त्यांनी मोठा पेला वन्संपुढे धरला. "घे, पोरी."

"नको बाबा," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "मी घेतला तर या सगळ्या पुढच्या महिन्यात घरी बसतील. माझ्यापायी कुणाचं प्रभुभोजन चुकायला नको."

बाबांनी वन्संकडे पाहिलं, मग आमच्या चटयांकडे पाहिलं. पेल्यात त्यांच्या वाट्याचा शेवटचा घोट होता. तो न पिताच त्यांनी पेला मेजावर ठेवला आणि वर रुमाल टाकला. "मग मीबी नाय," म्हणाले, आणि जाऊन आपल्या जागी बसले.

शेवटचं गीत कुणीतरी खालच्या पट्टीत सुरू केलं. वन्सं गायल्या नाहीत. कोंबडी मात्र गायली. एरवी आम्ही हसलो असतो.

उपासनेनंतर चिंचेखाली पिकांचा लिलाव व्हायचा, भोपळ्यांवरून थट्टा चालायची. त्या दिवशी माणसं नुसती उभी होती. अब्राहामबाबा चिंचेच्या मुळावर बसले आणि म्हणाले, "पंच, हितंच बसा. बायकांनीपन बसायचं. पेला बायकापन पितात."

आम्ही बसलो. एवढ्या साध्या वाक्याने आम्ही सभेत आलो, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बाबा म्हणाले, "आज मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. खिळ्याचा कप आपन देवाच्या मेजावर आनून ठेवला. मी एक पेला धरून बसलो, म्हनून तो आला. वेगळं करायचं असंल तर सगळ्यांचं वेगळं करा. एकीचं नाय."

सोनाकाकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, "बाबा, आम्हाला भीती वाटते हो. रूथचा राग नाही कुणाला."

"मला ठाऊक आहे, काकू," वन्सं म्हणाल्या. "मलाही वाटायची. मला हा रोग होण्याआधी मीसुद्धा चटई बदलली असती."

त्यावर सोनाकाकू रडायला लागल्या आणि त्यांची नात त्यांना बघून मोठ्याने रडायला लागली, तेव्हा सगळे जरा हलले. वन्संनी नातीला घ्यायला हात पुढे केले आणि पुन्हा मागे घेतले. सोनाकाकूंनी ते पाहिलं, पण त्या दिवशी त्यांना नात देणं काही जमलं नाही. माणसाला एका दिवसात सगळं जमत नाही.

ट्रंक बंदच राहिली, पण वन्सं नाताळपर्यंत थांबायला तयार झाल्या.

मग आमच्या हातून जी चूक झाली ती आपल्याच लोकांच्या हातून होऊ शकते. पाळकसाहेबांनी जाहीर केलं की पुढच्या प्रभुभोजनाला प्रत्येकाने घरून आपापलं फुलपात्र घेऊन यावं. वरवर किती सोपं वाटतं! आता आपल्या घरांत भांड्यांवर नावं घालायची केवढी हौस, ते तुम्ही तुमच्या आईच्या डब्यांवर पाहिलं असेल. त्या रविवारी मेजावर फुलपात्रांची जत्रा भरली. पितळेची, अॅल्युमिनियमची, एक जर्मन सिल्व्हरचं. सोनाकाकूंचं चांदीचं होतं. मिठागरावरच्या घरून एक चांगला तांब्याच आला होता. "आमच्याकरं यापरीस बारीक भांडंच नाय," तो माणूस म्हणाला. वन्संनी सॅनिटोरियममधला आपला इनॅमलचा मग आणला होता. त्यावर लाल रंगात खाटेचा नंबर होता.

पाळकसाहेब रस वाटायला लागले आणि भांड्यांची अदलाबदल झाली. मग ते एकेक उचलून वाचू लागले. "'चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी मार्था हिस मामांकडून', हे कुणाचं?" "'बारशाची भेट', हे?" इकडून तिकडे भांडी जाऊ लागली. "अहो, माझं चांदीचं होतं, हे पितळेचं आहे." "माझ्यात रस थोडा आहे, आणि त्या तांब्यात बघा!" रस सांडला, पांढऱ्या कापडावर तांबडे डाग पडले. ते पुढे मी लिंबू आणि उन्हाने घालवले. शेवटी पाळकसाहेबांनी इनॅमलचा मग उचलून अगदी गंभीरपणे विचारलं, "खाट नंबर सतरा, या कोण?" आणि वन्सं उभ्या राहून म्हणाल्या, "हजर!"

आधी अब्राहामबाबा हसले. त्यांना मी तोवर कधी मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं. मग सगळं मंदिर हसलं. रूथवन्संच्या आजाराला मंडळी पहिल्यांदा हसली, आणि हसल्यावर त्याची भीती बरीच कमी झाली. पंचांच्या वहीत याची कुठे नोंद नाही, पण माझ्या मते निम्मं काम तिथेच झालं.

हसून झाल्यावर बाबा म्हणाले, "नावाची भांडी नकोत. चांदीपन नको, तांब्यापन नको. सगळ्यांचा एकसारखा पायजे. कुनाचा कुठला ते कळताच नये."

हे काम माझ्याकडे आलं. बाजारातल्या बोहरी दुकानदाराकडे मी गेले. त्याच्याकडे काचेचं सगळं मिळायचं. मला हवेत तेवढे छोटे पेले त्याने आतून काढले, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाला, "बाई, यात शरबत देणार? मेहमान नाराज होऊन जातील."

"मेहमान नाहीत, घरचेच आहेत," मी म्हटलं.

"मग तर आणखी नाराज होतील," तो म्हणाला, पण एकेक पेला कागदात गुंडाळून देताना त्याने तो उजेडात धरून तडा आहे का ते पाहिलं. घरी मी ते सगळे उकळून काढले. गाडीची चाकं करणाऱ्या सुताराला पेले बसतील अशी भोकं पाडून दोन फळ्या करायला सांगितल्या. त्याने बैलगाडीला शोभेल अशा जाड फळ्या केल्या. पेले भरल्यावर एका माणसाला एक फळीही उचलेना. पुरुषांकडे दोघे पंच लागणार होते, तर बायकांकडे दोन बायका कोण, हा प्रश्न आला. बाईने प्रभुभोजन वाटायचं का, यावर एरवी वर्षभर वाद झाला असता. पण नाताळ जवळ आला होता आणि फळी जड होती. एका बाजूला मी उभी राहिले. दुसऱ्या बाजूला कोण म्हणून पाळकसाहेब बघत होते, तर सोनाकाकू पदर खोचून पुढे आल्या.

एक गोष्ट अजून राहिली होती. आदल्या शनिवारी अब्राहामबाबा आमच्याकडे आले, नव्या तांदळाची पिशवी ओसरीवर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, आमची सून कुठं हाय? तिला बोलवा." मी आले. "पोरी, पेले झाले, ते बरं झालं. पन एक सांगतो. माझ्या बापाला पेल्याचं नवल नव्हतं वाटलं. सगळ्यांबरोबर प्याला, त्याचं नवल. तवा मोठा पेला मेजावरच राहू दे, त्यातूनच सगळ्यांच्यात ओता. आनि पेला मिळाला की लगेच प्यायचा नाय. हातात धरून थांबायचं. शेवटच्याच्या हातात पोचला की मग सगळ्यांनी एकदम."

मासिकात हेही नव्हतं.

नाताळच्या सकाळी मंदिरात गारवा होता आणि खिडक्यांतून झोडलेल्या भाताच्या धुळीचा वास येत होता. पुरुषांकडची फळी फिरली. मग सोनाकाकू आणि मी फळी घेऊन चटयांमधून निघालो. प्रत्येकीने पेला घेतला आणि हातात धरला. आधी जरा चुळबुळ झाली, एकदोघींनी सवयीने ओठांशी नेला आणि लाजून खाली आणला. हळूहळू सगळे थांबले. वन्सं सवयीप्रमाणे अगदी मागे, दाराशी बसल्या होत्या. त्यांच्यापर्यंत पोचायला आम्हाला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळी मंडळी वळून त्यांच्याकडेच बघत राहिली. आधी लोक बघायचे तसं ते बघणं नव्हतं. ते वाट बघत होते. वन्संशिवाय कुणालाच पिता येणार नव्हतं.

फळीत शेवटचा पेला होता. सोनाकाकूंनी तो आपल्या हाताने उचलून दिला. "घे गं," म्हणाल्या, "माझे हात भरून आले."

वन्संनी घेतला. पुढून अब्राहामबाबांनी विचारलं, "पोचला?"

"पोचला, बाबा," वन्सं म्हणाल्या.

आणि आम्ही सगळे प्यालो. त्यानंतरचं गीत वन्संनी सुरू केलं, नेहमीपेक्षा एक पट्टी वर, आणि निम्म्या मंडळीचा आवाज तिथवर पोचेना, तरी कुणी तक्रार केली नाही. दुपारी जेवायच्या आधी त्यांनी ट्रंक उघडली. आतल्या साड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मी त्या ओसरीवर पसरून टाकल्या आणि संध्याकाळी घड्या घालून कपाटात ठेवल्या. इतकं हलकं वाटलेलं दुसरं काम मला आठवत नाही.

वन्सं पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. तुमच्या बाबांना त्यांनीच गायला शिकवलं. सोनाकाकूंची नात त्यांच्या मांडीवर बसायला शिकली, पण ते नाताळनंतर, एका अगदी साध्या रविवारी, आणि ते फक्त मी पाहिलं.

रोहिणी, तू तुझ्या चर्चला जायचं की नाही ते तुझं तू ठरव. माझं एवढंच म्हणणं आहे की ज्यांना बदल नको आहे त्यांना एकदा विचार की त्यात त्यांचं काय जाणार आहे. काही जण नुसतेच कुरकुर करतील. एखादा खरं सांगेल, आणि मग तुला जे करायचं आहे ते जास्त चांगलं होईल.

आमच्याकडे आता सगळं बदललं आहे. कौलं गेली, स्लॅब आला. चटयांच्या जागी खुर्च्या आल्या आणि बायका-पुरुष हवे तिथे बसतात. पेटीच्या ऐवजी कीबोर्ड आहे, गीतं भिंतीवर दिसतात, पंचांत चार बायका आहेत आणि त्या पुरुषांपेक्षा जास्त बोलतात. काचेचे पेले फुटत फुटत संपले. आता मुंबईहून प्लास्टिकचे येतात आणि फळी कुठे गेली ते कुणाला माहीत नाही. अब्राहामबाबांना ओळखणारी आम्ही दोघं-तिघंच उरलो आहोत. पण परवाच्या रविवारी मी दाराशी बसले होते, आणि माझ्या हातात पेला येईपर्यंत कुणीही प्यालं नाही.

तुमची,
आजी